समुद्रात रेघ कुठे असते, ताई?

२०२२ चा श्रावण. डहाणूच्या पुढे, गुजरातच्या वेशीजवळच्या एका पाड्यावर आमच्या बचतगटाची बैठक होती. पाऊस असा लागला होता की समाजमंदिराच्या पत्र्यांच्या आवाजात जमाखर्च ओरडून सांगावा लागत होता. हिशेब संपले, चहा झाला, बायका डोक्यावर इरली, प्लास्टिकचे कागद घेऊन निघाल्या. एक जण मात्र भिंतीला टेकून तशीच बसून राहिली. तिशीतली असेल. मांडीवर दोन वर्षांचं पोर झोपलं होतं. तिचे सहा हप्ते थकले होते. मी त्याबद्दलच विचारणार असं तिला वाटलं असावं, कारण मी जवळ जाताच तिनं आधीच सांगून टाकलं, "ताई, नवरा पाकिस्तानात हाय. आला का भरीन."

'नवरा मुंबईला आहे', 'नवरा वापीला आहे' असं सांगावं तितक्या सहजपणे ती बोलली होती. मला क्षणभर काय बोलावं ते सुचेना.

मग हळूहळू हकिगत कळली. नवरा ओख्याच्या बोटीवर खलाशी. फेब्रुवारीत बोट पकडली गेली. बोटीवरच्या सगळ्यांना कराचीला नेलं. ही बातमी तिला सरकारनं दिली नाही, पोलिसांनी दिली नाही. दुसऱ्या बोटीवरच्या गाववाल्यानं फोन करून सांगितली. आणि मग तिनं मला तो प्रश्न विचारला, जो तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

"लोकं बोलतात, त्यानं रेघ वलांडली. समुद्रात रेघ कुठं असते, ताई?"

मैत्रिणींनो, मी बी. ए.ला इतिहास घेतला होता. फाळणी, सिमला करार, सगळं पाठ करून पेपर लिहिले होते. पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. "विचारून सांगते," एवढंच म्हणाले आणि छत्री उघडली.

बोटीवर जाणं

आमच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीकडे 'बोटीवर जाणं' हा वर्षाचा एक ऋतूच आहे. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. ती उठली की गुजरातच्या बंदरांवरून मुकादम येतात. घरात उचल देतात आणि तरणेताठे पुरुष ओखा, पोरबंदर, मांगरोळ, वेरावळ अशा बंदरांकडे निघतात. ते थेट पुढच्या उन्हाळ्यातच परततात. मधल्या आठ-नऊ महिन्यांत घर बाई चालवते. उचलीतून आधीचं देणं फिटतं, कुडाची डागडुजी होते, तांदूळ भरले जातात. घरची थोडी भातशेती पाऊस संपला की संपते. मग दुसरं काम कुठे आहे?

बोटीवर तांडेल आणि पाच-सात खलाशी असतात. एकेक फेरी पंधरा-वीस दिवसांची. कुठे जायचं ते खलाशी ठरवत नाही. ते मालक आणि तांडेल ठरवतात. मासा कुठे मिळतो यावर सगळं अवलंबून. आणि चांगला मासा मिळतो कच्छच्या बाजूला, जिथे सिंधू नदीचा गाळ समुद्रात येतो त्या पाण्यात. किनाऱ्याजवळचा मासा आपण सगळ्यांनी मिळून ओरबाडून संपवला, त्यामुळे बोटी पुढे पुढे जातात. तुमच्या-माझ्या ताटात पापलेट येतं तेव्हा ते किती लांबून आलंय याचा विचार आपण करत नाही. मीही कधी केला नव्हता.

ओट्यावरचा समुद्र

त्या वर्षी गणपतीत माझ्या नणंदेचा मुलगा सुट्टीवर आला होता. तो तटरक्षक दलात आहे. मी ओट्यावर मोदकांची उकड मळत होते. तो नेहमीसारखा मागे येऊन उभा राहिला, "मामी, सारण वाटीभर बाजूला काढ" म्हणायला. मी म्हटलं, "आधी मला सांग, समुद्रात रेघ कुठे असते?"

तो हसला. मग मी पाड्यावरची गोष्ट सांगितली तसा गंभीर झाला. शेजारच्या परातीतली तांदळाची पिठी त्यानं ओट्यावर पसरली आणि बोटानं रेघा मारायला लागला.

"हा किनारा. इथून बारा सागरी मैल, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर, ते त्या देशाचं पाणी. जमिनीसारखंच. त्याला प्रादेशिक समुद्र म्हणतात. चोवीस मैलांपर्यंत जकात, तस्करी असल्या गोष्टींसाठी अडवता येतं. आणि दोनशे मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे तीनशे सत्तर किलोमीटर, तिथले मासे आणि तेल-वायू त्या देशाचे. पण ते पाणी त्याच्या मालकीचं नसतं. तिथून कोणाचंही जहाज जाऊ शकतं, फक्त मासे मारायचे नाहीत."

आपल्याकडे हे सगळं १९७६ च्या कायद्यात आहे. जगाचा म्हणून एक समुद्र कायदा आहे, तो १९८२ साली झाला. भारतानं तो १९९५ साली मान्य केला आणि पाकिस्ताननं १९९७ साली.

"आणि वरचं आभाळ?" मी विचारलं.

"बारा मैलांपर्यंतचं आभाळही त्या देशाचं. त्यात एक गंमत आहे बघ. बारा मैलांच्या आतून परक्या जहाजाला निमूटपणे, काही खोडी न काढता जायची मुभा असते. विमानाला तीही नाही. परवानगीशिवाय आत यायचंच नाही."

"मग आपली आणि पाकिस्तानची रेघ कुठे?"

त्यानं पिठीवर बोट ठेवलं आणि तिथेच थांबला. "तीच तर अडचण आहे, मामी. ही नक्की ठरलेलीच नाही."

कच्छच्या रणाजवळ सर क्रीक नावाची एक खाडी आहे. सुमारे ९६ किलोमीटर लांब, सगळी दलदल. पाकिस्तान म्हणतो, खाडीच्या पूर्वेचा काठ ही सीमा. भारत म्हणतो, मधला प्रवाह. जमिनीवरची सीमा जिथे संपते तिथून समुद्रातली सुरू होते. जिथून सुरू करायचं ती जागाच ठरली नाही, तर पुढची रेघ कशी आखणार? तरीही दोन्ही बाजूंची जहाजं एक रेघ आहे असं धरून गस्त घालतात. खाडीच्या चिखलात सीमा सुरक्षा दल, आमच्या किनाऱ्याजवळ सागरी पोलीस, पुढे तटरक्षक दल, खोल समुद्रात नौदल. पलीकडून पाकिस्तानची सागरी सुरक्षा संस्था. आणि त्या रेघेच्या आसपास मासा शोधणाऱ्या लाकडी बोटी.

वन्सं दाराशी येऊन ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "हा ड्युटीवर असला ना, की रात्री दोनला माझी झोप मोडते. काही कारण नसतं." मला पाड्यावरची ती आठवली. दोघींची झोप त्याच पाण्यावर मोडत होती.

थांबवायचं कसं?

"समजा परकी बोट दिसली, तर तुम्ही काय करता?" मी विचारलं.

आपल्याला सिनेमामुळे वाटतं की लगेच गोळ्या सुटतात. तसं नसतं. नसावं, असा नियम आहे. आधी वायरलेसवर हाक द्यायची. समुद्रात सोळा नंबरचं चॅनेल सगळ्यांनी कायम उघडं ठेवायचं असतं. मग भोंगा, कर्णा, दिव्याचे इशारे. त्यानंही थांबली नाही तर तिच्या पुढ्यातल्या पाण्यात इशाऱ्याचा गोळीबार. अगदीच शेवटचा उपाय म्हणून बळ, आणि तेही गरजेपुरतं, माणसाचा जीव जाऊ नये हे पाहून.

हा काही नुसता शिरस्ता नाही. त्यामागे निकाल आहे. १९९७ साली पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशाच्या गस्ती बोटींनी 'सायगा' नावाच्या तेलवाहू जहाजावर गोळीबार केला होता. जर्मनीतल्या हॅम्बुर्गला समुद्राच्या भांडणांसाठी एक आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण आहे. त्यानं १९९९ साली हीच पायऱ्यांची उतरंड स्पष्ट सांगितली आणि गिनीला दोषी धरलं.

मी जरा तावातावानं म्हणाले, "मग साध्या मासेमाऱ्यांना का धरता? त्यांच्याकडे जाळी, दुसरं काय असतं?"

तो शांतपणे म्हणाला, "मामी, 'कुबेर' पण मासेमारीचीच बोट होती."

मी गप्प झाले. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये दहा अतिरेक्यांनी पोरबंदरची 'कुबेर' समुद्रात ताब्यात घेतली, तिच्यावरच्या आपल्या खलाशांना मारलं आणि तिच्यातूनच ते मुंबईजवळ आले. त्याआधी १९९३ साली रायगडमधल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं होतं, तेही समुद्रातूनच. त्यानंतर महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर 'ऑपरेशन स्वान' नावाची एकत्र गस्त सुरू झाली. २६ नोव्हेंबरनंतर २००९ मध्ये किनारी सुरक्षेची रचनाच बदलली. मच्छीमारांना ओळखपत्रं, बोटींना रंग, रडारची साखळी, सागरी पोलीस ठाणी. रात्रीच्या अंधारात समोरची बोट जाळं टाकायला आली आहे की आणखी कशाला, हे लांबून कळत नाही. तपासावंच लागतं. तपासणाऱ्यालाही घरी आई असते.

हे मी पाड्यावरच्या तिलाही नंतर सांगितलं. गस्त नको असं तिचंही म्हणणं नव्हतंच. "धरा ना," ती म्हणाली, "पण धरल्यावर सोडा तरी."

आभाळातले दहा किलोमीटर

भाचा गेल्यावर मी या विषयाच्या मागेच लागले. ग्रंथालयातून कात्रणं काढली, त्याला फोन करून पिडलं. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आभाळातल्या रेघेबद्दल दोन्ही देशांनी बराच आधी, बराच बारकाईनं विचार केलेला आहे.

६ एप्रिल १९९१ रोजी भारत आणि पाकिस्ताननं एक करार केला. लढाऊ विमानांनी एकमेकांच्या हवाई हद्दीपासून दहा किलोमीटर लांब राहायचं. बॉम्बफेकी, टेहळणी विमानं आणि सशस्त्र हेलिकॉप्टरंही त्यातच आली. ज्यांच्यावर शस्त्र नाही अशी मालवाहू विमानं एक हजार मीटरपर्यंत जवळ येऊ शकतात. आणि चुकून कोणी हद्द ओलांडलीच, तर ताबडतोब चौकशी करून दुसऱ्या बाजूला कळवायचं. त्या करारात 'चुकून' ला जागा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

करार झाला म्हणून सगळं आलबेल झालं, असं नाही. १० ऑगस्ट १९९९ रोजी, कारगिलचं युद्ध थांबून काही आठवडेच झाले असताना, पाकिस्तानी नौदलाचं 'अटलांटिक' विमान आपल्या हवाई दलानं कच्छच्या सीमेवर पाडलं. सोळा जण गेले. ते आमच्या हद्दीत होतं, असं आपण म्हणालो. नव्हतं, असं ते म्हणाले. पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २००० साली न्यायालयानं सांगितलं की हा खटला चालवायचा अधिकार आम्हाला नाही. दहा किलोमीटरचा नियम पाळला असता तर ते सोळा जण कदाचित घरी गेले असते. त्यांच्याही बायका दारात उभ्या असणारच.

प्रवासी विमानांबद्दल तर जगाचाच नियम आहे. १९८३ साली कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि ते पाडलं गेलं. २६९ माणसं मेली. त्यानंतर १९८४ साली आंतरराष्ट्रीय हवाई करारात कलम घातलं गेलं की उडत्या प्रवासी विमानावर शस्त्र चालवायचं नाही.

आपल्याकडची गोष्ट त्याआधीची, १९६५ ची. ग्रामपंचायतीच्या कामात असलेल्या प्रत्येकाला बलवंतराय मेहता हे नाव माहीत असतं. त्यांच्या समितीमुळे पंचायत राज आलं. तेच गुजरातचे मुख्यमंत्री असताना, १९ सप्टेंबर १९६५ रोजी, युद्ध चालू असताना छोट्या विमानानं कच्छकडे निघाले होते. सोबत पत्नी सरोजबेन होत्या. पाकिस्तानच्या लढाऊ विमानानं ते पाडलं. आठही जण गेले. विमान चालवत होते जहांगीर इंजिनीअर.

त्या लढाऊ विमानाचे वैमानिक होते कैस हुसेन. खालून हुकूम आला आणि त्यांनी तो पाळला. समोरचं विमान पंख हलवून दयेची खूण करत होतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं. सेहेचाळीस वर्षं त्यांनी ते मनात ठेवलं. २०११ साली त्यांनी इंजिनीअर यांच्या मुलीला पत्र लिहिलं आणि दुःख व्यक्त केलं. त्या मुलीनं, म्हणजे तेव्हा वयस्क झालेल्या बाईनं, उत्तर पाठवलं की आमच्या मनात तुमच्याबद्दल कधी द्वेष नव्हता.

हे वाचलं त्या दुपारी मी बराच वेळ नुसती बसून होते. हुकूम, नियम, रेघा हे सगळं पुरुषांनी ठरवलं. माफ करायचं काम मात्र एका मुलीच्या वाट्याला आलं आणि तिनं ते केलं.

कागदावर सगळं आहे

आता पुन्हा पाण्यावर येऊ. पाण्यासाठीही नियम नाहीत असं नाही. उलट पुष्कळ आहेत.

समुद्र कायद्याचं ७३ वं कलम सांगतं की दोनशे मैलांच्या पट्ट्यात परक्या बोटीनं मासे मारले, तर बोट आणि माणसं वाजवी जामीन घेऊन लवकर सोडायची. दोन्ही देशांत तसा वेगळा करार नसेल तर तुरुंगात टाकायचं नाही. शिवाय पकडल्याचं त्या देशाला ताबडतोब कळवायचं. बारा मैलांच्या आतली गोष्ट वेगळी. आपल्याही १९८१ च्या कायद्यात आतल्या पाण्यासाठी कैद आहे आणि बाहेरच्या पाण्यासाठी दंड. पण बोट बारा मैलांच्या आत होती की बाहेर, हे सांगणार कोण? पकडणाराच.

२००५ साली दोन्ही देशांच्या सागरी दलांनी आपसात थेट संपर्काची सोय केली. म्हणजे चुकलेल्या बोटीबद्दल फोनवर बोलता येईल. २१ मे २००८ रोजी कैद्यांबद्दल करार झाला. कोणालाही पकडलं की लगेच कळवायचं. तीन महिन्यांच्या आत त्या देशाच्या वकिलातीच्या माणसाला भेटू द्यायचं. शिक्षा संपली आणि नागरिकत्व पटलं की एका महिन्याच्या आत घरी पाठवायचं. दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या.

याद्या मात्र नेमानं दिल्या जातात. २०२५ च्या मे महिन्यात दोन्ही देशांत लढाई झाली, विमानांना एकमेकांचं आभाळ बंद झालं, तरी १ जुलै २०२५ ला याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. पाकिस्तानच्या ताब्यात १९३ मच्छीमार आणि ५३ इतर कैदी, आपले किंवा आपले समजले जाणारे. भारताच्या ताब्यात त्यांचे ८१ मच्छीमार आणि ३८२ इतर. म्हणजे कराचीजवळच्या कोळीवाड्यातही कोणीतरी बाई हाच प्रश्न विचारत असणार. तिच्या भाषेत रेघेला काय म्हणतात कोण जाणे.

यादी निघते, पण यादीतला माणूस निघत नाही. शिक्षा काही महिन्यांची असते, ती संपते. मग नागरिकत्व पटवण्याचे कागद फिरत राहतात. दिल्ली, गांधीनगर, मुंबई, जिल्हा, तालुका, पाडा, आणि पुन्हा उलट. दोन देशांचं बिनसलं की तेही थांबतं.

आणि गोळीचं काय? ६ नोव्हेंबर २०२१. दिवाळीतली भाऊबीज होती त्या दिवशी. ओख्याहून गेलेल्या 'जलपरी' नावाच्या बोटीवर पाकिस्तानी दलानं गोळीबार केला. आमच्या पालघर जिल्ह्यातला एक खलाशी जागीच गेला. पायऱ्यांची ती उतरंड, हाक, भोंगा, इशारा, ती त्या दिवशी कुठे गेली होती?

२०२४ च्या मार्चमध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या तुरुंगात मरण पावला. त्याचा देह घरी यायला दीड महिना लागला. देहालाही नागरिकत्व सिद्ध करावं लागतं की काय, असं मनात आलं.

आभाळातला नियम आणि पाण्यातला नियम शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मला फरक कळला. विमानाचा नियम मोडला तर सरकारं हलतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मोठी अक्षरं येतात. होडीचा नियम मोडला तर एका पाड्यावर एका बाईचे हप्ते थकतात.

वहीत काय लिहायचं?

त्या वर्षी मी तिच्याबरोबर तीन-चार कचेऱ्यांत गेले. एके ठिकाणी सांगितलं, बोट गुजरातची, तिकडे विचारा. तिकडे फोन केला तर म्हणाले, माणूस महाराष्ट्राचा, तिकडे विचारा. गुजरातमध्ये पकडलेल्या मच्छीमारांच्या कुटुंबांना रोजचा भत्ता देण्याची योजना आहे, पण ही राहते वेशीच्या अलीकडे. एका साहेबांनी विचारलं, "बोटीचा नंबर काय?" तिला माहीत नव्हता. "मालकाचं नाव?" 'शेठ' एवढंच माहीत. "नवऱ्याचा फोटो?" लग्नातला होता, मुंडावळ्या बांधलेला. साहेब वैतागले. त्यांचंही सगळंच चुकत होतं असं नाही. कागदाशिवाय त्यांचा हात चालत नाही.

परत येताना एसटीत तिनं हळूच विचारलं, "ताई, नंबर असता तर लवकर आला असता?"

त्याच आठवड्यात आम्ही गटात एक वही केली. शंभर पानी, साधी. ज्या घरातला पुरुष बोटीवर जाणार, त्या घराचं एक पान. त्यावर बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, बंदर, मालकाचं नाव, गाव, फोन. तांडेलाचा फोन. खलाशाचा अलीकडचा फोटो, आधार कार्ड, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र यांच्या झेरॉक्स, मच्छीमार ओळखपत्राचा नंबर. अंगावर काही खूण असली तर ती. निघाल्याची तारीख. आणि खाली दोन नंबर मोठ्या अक्षरात, समुद्रात मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३.

मालकालाही विचारायचं ठरवलं. बोटीवर वायरलेस चालू आहे का? सीमा जवळ आली की इशारा देणारं यंत्र आहे का? इस्रोनं बनवलेले ट्रान्सपाँडर बोटींवर बसवायची योजना सरकारनं काढली आहे. तुमच्या बोटीवर बसलं का? खलाशानं हे विचारलं तर त्याला उद्या कोणी बोलावणार नाही. पण गटातल्या पंचवीस बायकांनी मुकादमाला उचल घेताना एकदम विचारलं, तर त्याला उत्तर द्यावं लागतं. पहिल्या वर्षी तो हसला. दुसऱ्या वर्षी त्यानं स्वतःहून बोटींचे नंबर लिहून आणले.

मोठ्या गोष्टी आपल्या हातात नाहीत. सर क्रीकची रेघ आखणं तुमचं-माझं काम नाही. पण सरकारनं स्वतः सही केलेला तीन महिन्यांचा नियम, एका महिन्याचा नियम, गोळी शेवटी हा नियम, तो पाळा असं म्हणायला कुठल्या पदवीची गरज नाही. आमदार-खासदार मतं मागायला येतात तेव्हा रस्ता, पाणी, वीज यांच्याबरोबर हाही प्रश्न आमच्याकडच्या बायका आता विचारतात. आपल्याकडे असलेले त्यांचे मच्छीमार शिक्षा संपल्यावर वेळेत जाताहेत का, हेही विचारलं पाहिजे. आपण पाळला तरच पलीकडच्यांकडे बोट दाखवता येईल.

पुन्हा नारळीपौर्णिमा

तिचा नवरा परत आला. २०२३ च्या मे महिन्यात पाकिस्ताननं १९८ आणि जूनमध्ये २०० मच्छीमार सोडले. तो जूनच्या तुकडीत होता. कराचीहून लाहोर, वाघ्याची सीमा, मग बडोदा आणि घर. पकडल्यापासून सोळा महिने झाले होते. मी भेटायला गेले तेव्हा तो ओटीवर बसला होता. अंगानं अर्धा झाला होता. मधला महिना-महिना तो कशातच बोलत नसे, असं ती नंतर म्हणाली. तुरुंगात शिकून मण्यांची केलेली एक छोटी पिशवी त्यानं बायकोसाठी आणली होती. लाल-निळे मणी, मध्ये एक होडी. ती तिनं खुंटीला टांगली होती, वापरत नव्हती. मुलगा त्याच्याजवळ जायला लाजत होता. त्यानं बापाला ओळखलंच नव्हतं.

वर्षभर त्यानं गावातच मिळेल ते काम केलं. वीटभट्टीवर गेला, चिकूच्या वाडीत गेला. थकलेले हप्ते तिनं एकेक करून फेडले, व्याजासकट, आम्ही नको म्हणत असताना. पुढच्या पावसाळ्याअखेर मुकादम आला. तिनं मला फोन केला. मला वाटलं, जाऊ देऊ नको असं सांगायला हवं. पण ते सांगून त्यांची चूल मी पेटवणार होते का?

"जातोय," ती म्हणाली. "वही घेऊन या, ताई. पान भरायचंय."

मी गेले. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. बोटीचा नंबर तिला तोंडपाठ होता. मालकाचं नाव, गाव, तांडेलाचा फोन, सगळं. फोटो नवा काढून आणला होता. बाजूला बसलेला तो सगळं ऐकत होता. शेवटी तिनंच त्याला विचारलं, "यंतर हाय ना बोटीवर?"

"हाय," तो म्हणाला.

"चालू ठेवायला सांग तांडेलाला," ती म्हणाली आणि सही करायला माझ्या हातातलं पेन घेतलं.